ठिपका हलत नाहीये!

बंगळुरूच्या इंदिरानगरात घरबसल्या दहा मिनिटांत कोथिंबीर मिळते. लिंबू मिळतं, मोबाइलचा चार्जर मिळतो, सत्यनारायणाला ऐन वेळी कमी पडलेली सुपारीसुद्धा मिळते. तिसऱ्या मजल्यावरचा माणूस यातल्या कशासाठीही लिफ्टचं बटण दाबत नाही. आणि नेमक्या याच वस्तीत गेल्या काही वर्षांत एक असा पंथ वाढीला लागला आहे, ज्याचं ब्रीद आहे : माझं मी बघून घेईन. तंबू मी वाहीन, पाणी मी शोधीन, पंक्चर मी काढीन, रस्ता चुकलो तर माझा मी चुकेन आणि सापडलो तर माझा मी सापडेन. एरवी डोकं दुखलं तर बामसुद्धा दारात मागवणारी ही माणसं शनिवार उजाडला की सायकलवर बसून थेट वानप्रस्थाश्रमात जातात.

या पंथाला सेल्फ-सपोर्टेड अल्ट्रा म्हणतात. माझा भाचा त्यात आहे आणि तो माझ्याकडेच राहतो. त्यामुळे या विषयाचं माझं ज्ञान अगदी घरचं आहे. हॉलमध्ये त्याची सायकल राहते. तिच्या बाजूने उरलेल्या दीड फुटात मी आणि माझी बायको राहतो.

इंदिरानगरच्या घड्याळात या मंडळींची जागा ठरलेली आहे. रात्री एक वाजता हंड्रेड फीट रोडवरचे पब बंद होतात. पहाटे साडेचारला मागचे लाल दिवे लुकलुकवत सायकली निघतात. मधले साडेतीन तास काय ते इंदिरानगर झोपतं.

पंथातही पायऱ्या आहेत. पहिली पायरी नंदी हिल्स. शहरापासून साठेक किलोमीटरवर, उंची 1,478 मीटर, शेवटचे सात-आठ किलोमीटर नुसता वळणांचा चढ. रविवारी पहाटे निघायचं, धापा टाकत वर पोचायचं, ढगांबरोबर फोटो काढायचा आणि खाली उतरून इडली-वडा खायचा. सांबार निवेपर्यंत स्ट्राव्हा या अ‍ॅपवर पन्नास अंगठे पडलेले असतात. स्ट्राव्हावर नोंद नसेल तर तो चढ तुम्ही चढलाच नाहीत, असा इथला कायदा आहे. नंदीला जाऊन आलेला माणूस ऑफिसात सोमवारी जरा लंगडत चालतो. पाय दुखतात म्हणून नव्हे. कुणीतरी ‘काय झालं’ असं विचारावं म्हणून.

दुसरी पायरी बीआरएम. हे मूळचं फ्रेंच प्रकरण : ठरलेलं अंतर ठरलेल्या मुदतीत सायकलने कापायचं. 200 किलोमीटर 13 तास 30 मिनिटांत, 300 किलोमीटर 20 तासांत, 400 किलोमीटर 27 तासांत आणि 600 किलोमीटर 40 तासांत. एका मोसमात हे चारही केले की माणूस ‘एसआर’ होतो, म्हणजे सुपर रँदोनर. भारतात हे वेड रुजवण्यात पुण्याच्या दिव्या ताटे यांचा मोठा वाटा आहे. तेव्हा बंगळुरूच्या भाच्याला झोपेतून उठवण्याचं पाप शेवटी पुण्याच्याच माथी येतं. यात पहिला कोण आणि शेवटचा कोण हे विचारायचं नसतं. मुदतीत पोचलात, संपलं. पदक हवं असेल तर त्याचे पैसे भरायचे. पदक विकत घेतलं हे माणूस ताठ मानेने सांगतो, असा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

या पायरीचं शिखर म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. 1,200 किलोमीटर, मुदत 90 तास, चार वर्षांतून एकदा. 1891 मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा फ्रेंचांच्या इतकी अंगात भिनली, की 1910 मध्ये तिकडच्या एका हलवायाने तिच्या नावाने चाकाच्या आकाराची मिठाई काढली. ती अजून विकली जाते. आपल्याकडे शर्यत जिंकली की पेढे वाटतात. फ्रेंचांनी शर्यतीचाच पेढा केला. भारतातून दर वेळी मोठा जथा तिथे जातो. जातानाचं सामान बघितलं, तर सायकलचं वजन किती आणि ठेपल्यांचं किती हा संशोधनाचा विषय आहे.

तिसरी पायरी म्हणजे डांबर सोडणं. भाचा एके दिवशी जेवताना म्हणाला, “मामा, मी आता रोड सोडला. आता फक्त ऑफ-रोड.”

मी म्हटलं, “त्यासाठी लांब कशाला जायचं? आपल्या क्रॉसवर उन्हाळ्यापासून खणून ठेवलंय. गेटच्या बाहेर पडलास की सुरू.”

“ते खड्डे, मामा. मी ग्रॅव्हल म्हणतोय.”

“फरक काय?”

“खड्डे आपल्याकडे येतात. ग्रॅव्हलकडे आपण जातो.”

मग हॉलमध्ये ग्रॅव्हल बाईक आली. हिचं हँडल शर्यतीच्या सायकलसारखं वाकडं, टायर जाड, आत ट्यूब नाही; ट्यूबऐवजी सीलंट नावाचा दुधासारखा द्रव. काटा घुसला तर तो द्रव भोक आपोआप बुजवतो, आणि नाही बुजवलं तर घराच्या पडद्यावर उडतो. या सायकलला मडगार्ड नाही, कॅरियर नाही आणि स्टँड नाही. आमच्या लहानपणी दोनशे रुपयांच्या सेकंडहँड सायकलला स्टँड असायचा. दोन लाखांच्या सायकलला नसतो. ती भिंतीला टेकवायची असते. आणि जिथे भिंत नाही अशाच ठिकाणी जायचं, हा यांचा हट्ट.

ही सायकल घेऊन तो खाली उभा असताना आमची कोथिंबीर घेऊन एक मुलगा आला. दिवसभर स्कूटरवर, ऊन-पाऊस अंगावर घेत फिरणारा पोरगा. त्याने सायकलला प्रदक्षिणा घातली, किंमत विचारली, ती ऐकून इंजिन कुठे आहे ते विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाला, “मग दिवसाला किती सुटतात?” भाचा म्हणाला, “सुटत नाहीत, द्यावे लागतात.” पोराने कोथिंबीर हातात दिली आणि जाताना दोनदा मागे वळून बघितलं.

या तिसऱ्या पायरीची पंढरी उत्तर अमेरिकेत आहे. तिचं नाव टूर डिव्हाइड. कॅनडातल्या बँफपासून न्यू मेक्सिकोच्या सीमेवरच्या अँटिलोप वेल्सपर्यंत, रॉकी पर्वताच्या कण्यावरून, सुमारे 4,300 किलोमीटर, बहुतेक कच्च्या वाटांनी. एकूण चढ 60,000 मीटरच्या घरात; म्हणजे समुद्रापासून एव्हरेस्ट जवळजवळ सात वेळा. जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी सगळे बँफला जमतात आणि निघतात. प्रवेश शुल्क नाही. वाटेत पाण्याचं टेबल नाही, मागे गाडी नाही, केळी घेऊन उभे असलेले स्वयंसेवक नाहीत. अस्वलं आहेत. ब्रिटनच्या माइक हॉलने 2016 मध्ये हे अंतर 13 दिवस 22 तास 51 मिनिटांत संपवलं. पुढच्याच वर्षी, मार्च 2017 मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या अशाच एका शर्यतीत मोटारीची धडक बसून तो गेला. या वेडाला ही बाजू आहे. ताईसमोर मात्र तिचा उच्चार करायचा नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे.

ताई म्हणजे भाच्याची आई. ती कोथरूडला असते. तिला या शर्यतीचं वर्णन ऐकवलं तेव्हा तिने एकच चौकशी केली.

“पहिला आला त्याला काय देतात?”

“काही नाही.”

“आणि दुसऱ्याला?”

“काहीच नाही, आई.”

“मग दुसरा कशाला येतो?”

या प्रश्नाचं उत्तर भाच्याकडे नाही. माझ्याकडे थोडंफार आहे, कारण मी इंदिरानगरात राहतो आणि इथे राहुल द्रविडही राहतो. 2021 मध्ये एका जाहिरातीत हा सोशिक माणूस वाहतुकीत अडकून पिसाळतो, बॅटने शेजारच्या गाडीचा आरसा फोडतो आणि आपण इंदिरानगरचे गुंड असल्याचं ओरडून जाहीर करतो. तेव्हा सगळा देश हसला होता. पण मराठी घरातल्या या मुलाने कसोटी क्रिकेटमध्ये 31,258 चेंडू खेळून काढले. इतके चेंडू जगात दुसऱ्या कुणी खेळलेले नाहीत. 2004 मध्ये रावळपिंडीला तो 270 धावांसाठी 740 मिनिटं उभा होता. म्हणजे 12 तास 20 मिनिटं. 200 च्या बीआरएमची मुदत साडेतेरा तास. द्रविड आरामात बसला असता, वर चहालाही थांबला असता. तेव्हा कंटाळा आला तरी खेळपट्टी सोडायची नाही, ही या मोहल्ल्याची जुनीच शिकवण आहे. फक्त द्रविडला त्यात दुपारचं जेवण मिळायचं आणि ते दुसऱ्याने वाढलेलं असायचं.

इथेच या पंथातला मुख्य भेद येतो, आणि तो न समजता दोन अल्ट्रावाल्यांच्या मध्ये बसू नये. एक असते मदतीसह, एक असते मदतीविना. मदतीसह म्हणजे ‘रॅम’, रेस अक्रॉस अमेरिका. 1982 मध्ये चार जणांनी सुरू केलेली ही शर्यत आता अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्याकडे सुमारे 4,900 किलोमीटर जाते. एकट्या स्वाराला मुदत 12 दिवस. यात आपल्या लोकांनी खरोखर नाव काढलं आहे. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी दोघांच्या संघात ती पुरी केली. 2017 मध्ये लष्करातले डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ एकट्याने ती पुरी करणारे पहिले भारतीय ठरले आणि त्यांच्या पाठोपाठ काही तासांत नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोचले. चौघंही डॉक्टर. ज्यांच्या दवाखान्याबाहेर आपण तीन तास बसून कुरकुरतो, ती मंडळी तिकडे दिवसचे दिवस सायकलवर बसतात हे कळल्यावर तक्रारीला तोंड उरत नाही.

या शर्यतीत मानेची काय अवस्था होते, याला वैद्यकीय नाव आहे. 1983 मध्ये मायकेल शर्मर नावाच्या स्पर्धकाच्या मानेचे स्नायू इतके थकले, की डोकं वर धरवेना. तेव्हापासून त्या दुखण्याला शर्मर्स नेक म्हणतात. इंदिरानगरात हेच दुखणं लॅपटॉपने मिळतं, त्यासाठी अमेरिका ओलांडावी लागत नाही. बसण्याच्या जागेचा प्रश्न वेगळाच. त्यासाठी एक खास क्रीम येतं. ते आमच्या बाथरूमच्या फळीवर असतं. पाहुण्यांनी ते चेहऱ्याला लावू नये म्हणून मी त्यावर मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे.

तर रॅममध्ये मागे-पुढे गाड्या असतात. त्यात स्वयंपाकी, मालिश करणारा, मेकॅनिक, रस्ता सांगणारा आणि झोप आली की गाणी लावणारा. भाच्याला हे मंजूर नाही. त्याच्या मते रॅम म्हणजे वऱ्हाडासकट केलेलं लग्न आणि टूर डिव्हाइड म्हणजे पळून जाऊन केलेलं. खर्च कमी, पण निभवायचं दोघांनीच. इथे दोघांपैकी एक सायकल.

मदतीविनाच्या खेळाचा नियम ऐकायला सोपा आहे. वाटेत जे कुणालाही विकत मिळू शकतं तेवढंच घ्यायचं. हॉटेलात जेवा, लॉजमध्ये झोपा, दुकानातून टायर घ्या. पण मित्राने वाटेत आणून दिलेली पाण्याची बाटली चालत नाही. ओळखीच्याच्या घरी पाठ टेकणं चालत नाही. खरी पंचाईत इथे आहे. हा नियम ज्याने केला त्याला नातेवाईक नसावेत. बंगळुरूहून पुण्याकडे निघालेल्या मराठी माणसाला हुबळीत आत्या असते, बेळगावात काका असतात, निपाणीला वहिनीचं माहेर असतं आणि कोल्हापुरात कोणी नसलं तरी कोणी ना कोणी निघतंच. हा मुळात आठशे-साडेआठशे किलोमीटरचा रसद-मार्ग आहे. त्यावर उपाशी राहायला वेगळी साधना लागते.

भाच्याने एकदा हुबळीच्या आत्याला आधीच फोन करून ठेवला. म्हणाला, “आत्या, मी तुझ्या गल्लीवरून जाईन, पण तुझ्याकडे जेवता येणार नाही. जे सगळ्यांना मिळतं तेच मला घेता येतं, आणि तुझं जेवण सगळ्यांना मिळत नाही.”

आत्या म्हणाली, “कोण म्हणतं? घेऊन ये सगळ्यांना.”

नियमाच्या पुस्तकात याला उत्तर नाही.

खरं स्वावलंबन बघायचं तर पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीकडे बघावं. 2018 मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, तिने 14 देशांतून 29,000 किलोमीटर सायकल मारत 159 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. बहुतेक वाट एकटीने आणि मागे गाडी न ठेवता. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटलं, तरी चाक फिरत राहिलं. हा इतिहास भाच्याने मला ऐकवला तो ताईकडे शिफारस करण्यासाठी. मी अस्वल वगळून शिफारस केली.

गेल्या थंडीत भाच्याचा स्वतःचा बेत ठरला. इंदिरानगर ते सकलेशपूर, जमेल तितकं कच्च्या वाटेने : रामनगरचे शोलेचे खडक, मंड्याचे उसाचे पाट, तोन्नूरचा तलाव, मेलुकोटे, श्रवणबेळगोळ आणि मग कॉफीचे मळे. हमरस्त्याने हे सव्वादोनशे किलोमीटर आहे. कच्च्या वाटेने किती हे वाटेवर अवलंबून असतं आणि वाट गाईंवर.

तयारी स्वयंपाकघरात झाली, कारण वजनकाटा तिथे आहे. ज्या काट्यावर बायको केकचा मैदा मोजते त्यावर तंबूच्या खुंट्या मोजल्या गेल्या. टूथब्रशचा दांडा अर्धा कापला. टी-शर्टची लेबलं कापली. चावीच्या जुडग्यातला गणपती काढून देव्हाऱ्यात ठेवला. श्रद्धा सोबत, वजन घरी. एक छोटा टॉवेल आला होता, परदेशी, चटकन वाळणारा, दीड हजाराचा. ताईने व्हिडिओ कॉलवर तो बघितला. “यापेक्षा पंचा ने,” ती म्हणाली, “पाण्याला वस्त्रगाळ होतो, डोक्याला बांधता येतो, रात्री पांघरता येतो आणि वाळायला दोरीसुद्धा लागत नाही.” भाचा हसला. मग त्याने पंचा वजनकाट्यावर ठेवला. मग तो हसायचा थांबला. टॉवेल सध्या आमच्याकडे किटलीखाली असतो.

खाण्यावरूनही हाच संवाद झाला. त्याने आणलेल्या एनर्जी जेलच्या पाकिटावर जे लिहिलं होतं ते ताईने मोठ्याने वाचायला लावलं आणि शेवटी म्हणाली, “म्हणजे गूळ आणि मीठ.” पाकिटं परत गेली नाहीत, पण पिशवीत शेंगदाण्याची चिक्की वाढली. सगळं सामान तीन पिशव्यांत बसलं : एक हँडलला, एक सांगाड्याच्या त्रिकोणात, एक सीटखाली. पाकीट त्याने शेवटी रिकामं केलं. सगळी नाणी काढून टेबलावर ओतली. “नाणी जड असतात, मामा.”

निघताना त्याने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लिंक टाकली. ती उघडली की नकाशा येतो आणि त्यावर एक निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे आमचा भाचा. मोठ्या शर्यतींत जगभरची माणसं असे ठिपके बघत रात्री जागतात. त्यांना डॉटवॉचर म्हणतात आणि त्यांचाही एक पंथ आहे. आमच्या घराण्यात तो त्या सकाळी स्थापन झाला.

दुपारी अडीचला ताईचा पहिला संदेश आला. “ठिपका हलत नाहीये.”

“जेवत असेल,” मी लिहिलं.

“कुठे? आजूबाजूला काहीच नाही. मी मोठं करून बघितलं. ऊस आहे.”

नाशिकचे मोठे काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि तेव्हापासून उपग्रहांचे जाणकार आहेत. त्यांनी लिहिलं, “ढग आला असेल. सिग्नल अडतो.”

“मग ढग तासभर त्याच्याच डोक्यावर कसा?”

तासाभराने ठिपका हलला. सगळ्यांनी नमस्काराचे हात टाकले. संध्याकाळी तो तोन्नूरच्या तलावात शिरला. काठावर नव्हे, तलावात, काठापासून चांगला आत. ताईचा फोन आला. काकांनी ग्रुपवर समजावलं, की ठिपका कधीकधी पन्नास-शंभर मीटर इकडेतिकडे दाखवतो. वहिनीने विचारलं, त्याला पोहता येतं ना? त्यावर त्याच्या बालपणीच्या स्विमिंग क्लासचे तपशील निघाले, फी किती होती तेही निघालं. तोवर ठिपका कोरडा होऊन मेलुकोट्याच्या दिशेने लागला. वेग ताशी चार. “चालतोय. म्हणजे पंक्चर.” “चढ आहे.” “चढावर सायकलने जातात ना? मग सायकल कशाला नेली?” हा प्रश्न अल्ट्रावाल्यांना आवडत नाही, पण खरा आहे. या खेळात माणूस सायकल जितका चालवतो, तितका तिला ढकलतही असतो.

मेलुकोट्यात ठिपका पुन्हा थांबला, तेव्हा मात्र मी ठामपणे लिहिलं, “काळजी नको. पुळियोगरे.” मेलुकोट्याचा हा चिंचेचा भात ज्याने खाल्लाय त्याला तो ठिपका तिथे पाऊण तास का थांबला हे विचारावं लागत नाही. आजींचा निरोप आला, देवळात जाऊन आला का विचारा.

रात्री जागत बसलेलो असताना मला त्या मुंबईच्या पारशी मुलांची आठवण झाली. 15 ऑक्टोबर 1923 ला सहा जण मुंबईहून सायकलवर जग बघायला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे 18 मार्च 1928 ला परत आले. इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असं करत 71,000 किलोमीटर. साडेचार वर्षांना जेमतेम महिनाच कमी. त्यांच्या घरच्यांकडे ठिपका नव्हता. पत्र यायचं ते महिन्यापूर्वी पोरगा ठीक होता एवढं सांगायचं, आणि घर तेवढ्यावर जेवून झोपायचं. आमच्या ताईला मिनिटामिनिटाला बातमी होती आणि तिने रात्रभर डोळा मिटला नाही. तंत्रज्ञानाने काळजी कमी होत नाही. तिला नकाशा मिळतो.

तिसऱ्या दिवशी भाचा सकलेशपूरहून एसटीने, म्हणजे केएसआरटीसीने, सायकल टपावर टाकून परत आला. कानापर्यंत चिखल. अंघोळ, पोहे आणि पुन्हा पोहे झाल्यावर मी त्याला उसातल्या त्या तासाबद्दल विचारलं. तो एकदम गंभीर झाला.

“तिथे माझी शर्यत बाद झाली, मामा.”

झालं ते असं. मंड्याच्या पुढे त्याचं पाणी संपलं. उसात धूर दिसला, तिकडे गेला तर गुऱ्हाळ. काहिलीत रस उकळत होता. मालकाने त्याला वर-खाली बघितलं आणि इकडे सगळे विचारतात तेच विचारलं : “ऊट आयता?” म्हणजे जेवलास का. भाचा नाही म्हणाला. या देशात या प्रश्नाला नाही म्हणणं म्हणजे स्वतःला दुसऱ्याच्या स्वाधीन करणं. रसाचा तांब्या आला. मग केळीच्या पानावर गरम गूळ आला. मग मालकाच्या घरून नाचणीचा उंडा, म्हणजे मुद्दे, आणि सारू आलं. खाऊन झाल्यावर भाच्याने पैसे काढले. मालक म्हणाला, “दुड्डु बेडा.” पैसे नकोत.

भाचा घाबरला. त्याने इंदिरानगरी कन्नडमध्ये नियम समजावला. मी शर्यतीत आहे, मला फुकट घेता येत नाही, घेतलं तर मी बाद. मालकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“शर्यतीत बाकीचे कुठे आहेत?”

“बाकीचे नाहीत. मी एकटाच आहे.”

मालकाने मान हलवली, आत गेला आणि गुळाची आणखी एक ढेप आणून त्याच्या पिशवीत घातली. अशा माणसाशी वाद घालू नये, त्याला खायला द्यावं, हे त्या भागात लहान मुलालाही कळतं.

मी भाच्याचं सांत्वन केलं. टूर डिव्हाइडवरही न ठरवता, न मागता कुणी काही दिलं तर बहुतेक जण ते चालवून घेतात; तिकडे त्याला ‘ट्रेल मॅजिक’ म्हणतात. दोनशे किलोमीटरच्या ओसाडीत एखाद्या दाराशी थंड पाण्याचा डबा ठेवलेला सापडला, तर तिकडच्या स्वाराला चमत्कार वाटतो, तो त्यावर लेख लिहितो. मंड्यात असा चमत्कार दर तीन किलोमीटरवर होतो आणि तो टाळायला माणसाला रस्ता बदलावा लागतो. भाचा कडव्या पंथाचा. त्याला हेही पटत नाही. त्याने नोंदवहीत त्या प्रवासापुढे स्वतःच्या हाताने ‘डीएनएफ’ लिहिलं, म्हणजे पूर्ण केला नाही. गूळ मात्र त्याने परत केला नाही. आम्ही तो गेला महिनाभर खातोय, फार चांगला आहे.

माझं मत आता ठाम झालं आहे. स्वावलंबी सायकलिंग हा ओसाड देशांचा खेळ आहे. तिकडे कसोटी लागते ती डोंगराची, थंडीची आणि अस्वलांची. आपल्याकडे डोंगर जमतो, ऊन जमतं, कुत्रीसुद्धा जमतात. माणूस हरतो तो आग्रहापुढे. द्रविडनेसुद्धा 31,258 चेंडू सोडले-खेळले असतील, पण हुबळीच्या आत्याची तिसरी पोळी त्याला सोडता आली असती असं मला वाटत नाही.

तेव्हा वाचकांना एक विनंती. सातारा-कोल्हापूरच्या रस्त्यावर, चोर्ल्याच्या घाटात किंवा तुमच्या शेताच्या बांधावर, सीटखाली लांबुळकी पिशवी बांधलेला, डोळे खोल गेलेला एखादा सायकलवाला दिसला, तर त्याला गाडीत बसवू नका. त्याला चालत नाही. तो जिथे जातोय तिकडे जायचा जवळचा रस्ता सांगू नका; त्याला लांबचाच हवा आहे. चहा जरूर द्या, पोहे द्या, सावलीत बसवा. पण निघताना त्याच्याकडून दहा रुपये मागून घ्या, म्हणजे त्याची शर्यत वाचेल. तुम्हाला लाज वाटली तरी घ्या. सुट्टे मात्र मागू नका, ते तो घरी टेबलावर ओतून आलेला असतो. सरळ यूपीआयचा क्यूआर पुढे करा.